दोन प्रोसेसर, एक पाट

आमच्या दोन टेबलांच्या मधोमध त्याने जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावली होती. मी रुजू झाले त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात. माझ्या खुर्चीचं चाक पट्टीवर आलं की तो कानांवरचा हेडफोन न काढता बोटाने खूण करायचा, मागे. मी मागे व्हायचे. पाच महिने मी खुर्ची मागे घेत होते आणि त्या पाच महिन्यांत त्याच्याविषयी एकही बरा विचार माझ्या मनात आला नाही. त्याच्याही मनात माझ्याविषयी आला नसावा.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. कामाचं लिखाणही मी इंग्रजीतच करते. ही हकीगत आधी इंग्रजीत लिहून पाहिली, पण तिच्यात आम्ही दोघंही फार सभ्य दिसायला लागलो. भांडण मराठीत झालं होतं, म्हणून मराठीत लिहितेय.

ऑफिस चिंचपोकळी स्टेशनजवळच्या गल्लीत होतं. खाली लेथचं वर्कशॉप, आणि लोखंडी जिना चढून गेलं की वर आमचा माळा. वर्कशॉप सरांच्या वडिलांचं. ते गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी दोन लेथ घेतले आणि अजून ते चालवतात. आम्ही त्यांना काका म्हणायचो. वर सरांची वेबसाइट चालायची. कॉम्प्युटरचे नवे भाग बाजारात आले की ते तपासायचे, त्यांचे आकडे काढायचे आणि लोकांना सांगायचं, घ्या किंवा घेऊ नका. मी इंग्रजीत लेख लिहायचे. तो मराठीत व्हिडिओ करायचा. त्याचा चेहरा लोकांना माहीत होता, वडापावच्या गाडीवरसुद्धा पोरं त्याला हाक मारायची. माझा चेहरा कुणाला माहीत नव्हता आणि मला तेच हवं होतं.

आमचं मुख्य काम प्रोसेसरचं. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. वरून धातूचं झाकण, खालून सोनेरी ठिपक्यांच्या दाट ओळी. तो बनवणाऱ्या, आमच्या कामापुरत्या, कंपन्या दोनच. काकांना त्यांची इंग्रजी नावं लक्षात राहत नसत. जी जुनी आणि श्रीमंत ती थोरली, जी मागून येऊन तिच्या नाकी नऊ आणते ती धाकटी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. माळ्यावरही तीच नावं पडली.

थोरली आणि धाकटीमध्ये जे चालतं ते लालबाग-काळाचौकीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे एका मंडळाने मूर्तीवरचा पडदा अमुक दिवशी उघडणार म्हणून जाहीर केलं, की पलीकडच्या गल्लीतलं मंडळ त्याच्या आदल्या दिवशी पडदा उघडतं. तसंच हे. त्या वर्षी धाकटीने जाहीर केलं, आमचा नवा प्रोसेसर दसऱ्याला, आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातला. थोरलीचा दिवाळीनंतर यायचा होता. दोन दिवसांत थोरलीचं पत्र आलं. आमचाही दसऱ्यालाच. साडेसहाला. बरोबर एक तास आधी.

"बघ, घाबरली," तो म्हणाला. माझ्याशी नाही, स्क्रीनशी.

तो नऊ वर्षं धाकटीचा माणूस होता. 'थोरली जाहिरात करते, धाकटी काम करते' हे त्याचं वाक्य प्रत्येक व्हिडिओत यायचं. मी थोरलीची नव्हते, कुणाचीच नव्हते. पण बाजारात यायच्या आधी तपासायला दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर आमच्याकडे सीलबंद खोक्यातून आले, ठरलेल्या वेळेआधी एक शब्द बाहेर काढणार नाही म्हणून सरांनी दोन्हीकडे सह्या केल्या, आणि धाकटीचं खोकं त्याने स्वतःच उचलून नेलं. मग उरलेलं माझं झालं. त्या दिवसापासून त्याने मला थोरलीची सून म्हणायला सुरुवात केली.

"काय सूनबाई, सासू किती गरम होते?" म्हणजे माझा प्रोसेसर किती तापतोय.

मी तापमानाचा आकडा सांगायचे. तेवढंच.

त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला दोघांना बोलावून सांगितलं, की दिवाळीनंतर एकच टेबल राहील. हे सांगताना ते कॉफीच्या मशीनचं झाकण बसवत होते आणि ते बसत नव्हतं. "दोघांपैकी एकच. मला पण वाईट वाटतंय. दसऱ्याला कोणाचं काम कसं होतं ते बघू, मग ठरवू."

त्याने माझ्याकडे बघून हसून घेतलं. त्याच्या दृष्टीने ते ठरलेलंच होतं.

माझी आधीची नोकरी लोअर परळला, ग्राहकांचे फोन घेण्याची. दिवसभर अनोळखी माणसांशी गोड बोलायचं. सकाळी चाळीच्या जिन्यावरून उतरतानाच मी पहिलं वाक्य घोकायला लागायचे. या माळ्यावर मला कुणी बोलायला लावत नव्हतं. इथे एखादा आकडा बरोबर असेल तर तो हळू आवाजात सांगितला तरी बरोबरच राहायचा. टेबल गेलं तर मला परत फोनवर बसावं लागलं असतं, हे मला माहीत होतं आणि घरी वडिलांनी दोनदा बोलूनही दाखवलं होतं. मला ते टेबल हवं होतं. त्या वर्षी दुसरं काही इतकं हवं होतं असं आठवत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात, वर्कशॉपमध्ये त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. काकांनी पहाटेच दोन्ही लेथ रॉकेलने पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दहाच्या सुमारास ते जिना चढून वर आले.

"तुमची हत्यारां घेऊन खाली येवा."

"काका, आमची हत्यारं म्हणजे कीबोर्ड," तो म्हणाला.

"कीबोर्ड कसलो? ज्याच्यावर तुमचा पोट चालता, ता घेऊन ये." काकांना माहीत होतं काय ते. आठवडाभर घरातही सर त्या दोन तुकड्यांविषयीच बोलत होते.

त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "कॉन्व्हेंटला माहितीये का खंडेनवमी?"

माझे आजोबा गिरणीत होते. साच्यांची, म्हणजे मागांची, पूजा, कामगारांच्या बायकापोरांना त्या एका दिवशी गिरणीत मिळणारा प्रवेश, हे सगळं मी लहानपणी पन्नासदा ऐकलं होतं. मी मशीन बंद केलं, प्रोसेसर काढला, पुसला आणि खाली घेऊन गेले.

पाटावर पाने, छिन्न्या, कानशी, व्हर्नियर ओळीने मांडलं होतं. मधे तबक. काकांनी आमचे दोन्ही प्रोसेसर हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. आम्ही ते झाकण वर करून दिले होते. त्यांनी दोन्ही पालथे केले.

"ही खरी बाजू. सोनां वर होया."

आणि त्यांनी ओल्या हळदीत बोट बुडवून त्या सोनेरी ठिपक्यांवर टेकवलं. मग कुंकू. मग अक्षता. आधी थोरलीला, मग धाकटीला. ज्या ठिपक्यांना घाम लागू नये म्हणून आम्ही हातमोजे घालतो, तिथे.

माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. तो माझ्या शेजारीच उभा होता. त्यालाही दिसलं होतं. तो ओठ न हलवता म्हणाला, "बोल की. इंग्लिशमध्ये बोल, त्यांना आवडेल."

मी बोलले नाही. तोही बोलला नाही. काका आरती म्हणायला लागले होते.

आरती झाल्यावर ते म्हणाले, "आता उद्या सकाळपर्यंत हत्याराक हात लावूचो नाय. वर्षात एक दिवस त्येंका पण आराम."

उद्या संध्याकाळी साडेसहा आणि साडेसात. तपासणीची एक पूर्ण फेरी सात तासांची, आणि आमच्या दोघांच्याही फेऱ्या अजून व्हायच्या होत्या, कारण दोन्ही कंपन्यांनी सेटिंग बदलायचं शेवटचं पत्र आदल्याच दिवशी पाठवलं होतं. त्याने सरांना फोन लावला. सर दादरला कुणाकडे तरी होते. फोनवरचा आवाज मला ऐकू आला. "बाबांनी सांगितलंय ना? मग राहू दे. उद्या पहाटे उचला. दोघांना सारखाच वेळ मिळतोय."

दुपारी काका जेवून झोपायला समोरच्या चाळीत गेले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर डबा खात बसले होते. तो खाली आला, सरळ पाटाकडे गेला आणि धाकटीचा प्रोसेसर उचलला. त्याच्या जागी खिशातून काढलेला एक जुना जळका प्रोसेसर ठेवला, तसाच, सोनेरी बाजू वर. मग तबकातलंच कुंकू बोटावर घेऊन त्याला लावलं.

मी बघत होते.

"काय बघतेस?"

"काकांनी सांगितलंय."

"मग सांग काकांना जाऊन."

"मी नाही सांगत."

"मग बघू नकोस." त्याने रुमालाने प्रोसेसर पुढून-मागून एकदा पुसला, एकदाच, आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

मीही माझा उचलू शकले असते. उचलला नाही, तो मी देवभोळी आहे म्हणून नव्हे. सांगितलेलं ऐकायची मला सवय आहे, आणि ती सवय त्याला पुरेपूर माहीत होती. त्या जळक्या तुकड्यावरचं कुंकू मला सगळ्यात जास्त झोंबलं. काका संध्याकाळी येऊन त्याच्यापुढे दिवा लावणार होते. त्यांनी तो लावलाही.

दसऱ्याला मी सात वाजता पोहोचले. काका आधीच येऊन बसले होते. त्यांनी माझा प्रोसेसर माझ्या हातात दिला, दुसऱ्याची चौकशी केली. मी म्हटलं, तो नेईल. पाटावरचा जळका तुकडा त्यालाच न्यायचा होता, म्हणजे ते खोटं नव्हतं.

मी स्पिरिटने ठिपके पुसले, मशीन जोडलं, चालू केलं. प्रत्येक मशीनला मेमरीच्या दोन पट्ट्या लावलेल्या असतात, सोळा आणि सोळा, मिळून बत्तीस. स्क्रीनवर आलं सोळा. एक पट्टी मशीनला दिसतच नव्हती. मी पट्ट्या काढून बदलून पाहिल्या. सोळाच. मग प्रोसेसर काढून भिंग लावलं, तेव्हा ठिपक्यांच्या मधल्या फटीत हळद दिसली. वाळून घट्ट बसलेली. मऊ ब्रशने, स्पिरिट घालत, मी ती अर्धा तास काढत होते. मग बत्तीस आलं. नऊ वाजता माझी फेरी सुरू झाली.

तो साडेआठला आला होता. काल दुपारपासूनच्या त्याच्या फेऱ्यांचे निकाल सरांच्या सामायिक फोल्डरमध्ये पडलेले होते. सव्वानऊला मी त्याची फाइल उघडली. मला त्याचे आकडे बघायचे होते, दुसरा काही हेतू नव्हता. आकडे वाईट होते. धाकटीचा नवा प्रोसेसर तिच्याच गेल्या वर्षीच्या प्रोसेसरच्या मागे होता. हे शक्य नव्हतं. मी निकालाच्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. मेमरी, सोळा. निम्म्या मेमरीवर मशीन रखडणारच.

माझ्या स्पिरिटच्या बाटलीचं झाकण अजून उघडंच होतं. ती बाटली आणि ब्रश उचलून पिवळ्या पट्टीपलीकडे ठेवायला मला चार पावलं लागली असती. बोलायचीही गरज नव्हती, कोपऱ्यातल्या त्या आकड्यावर बोट ठेवलं असतं तरी पुरलं असतं. सव्वानऊ अधिक साफ करायचा अर्धा तास, अधिक सात तास, म्हणजे पावणेपाच. त्याची वेळ साडेसातची. हा हिशेब मी लगेच केला होता.

मी बाटलीचं झाकण लावलं.

सकाळभर तो फोनवर होता. धाकटीच्या लोकांचा, म्हणजे चाहत्यांचा, एक ग्रुप होता त्याचा, देशभरातले, एकमेकांना न भेटलेले. त्यांना आकडे सांगता येत नव्हते, पण त्याच्या आवाजावरून त्यांना कळत असावं. "नाही रे. असं काही नाही. थांब ना, संध्याकाळी बघशीलच." फोन ठेवला की तो पंखा उघडायचा, प्रोसेसरवरचं थंडावा देणारं मलम पुसून नवं लावायचा, परत बंद करायचा. प्रोसेसर उचलून खाली बघत नव्हता. त्याने तो पुसला होता ना, रुमालाने.

अकराच्या सुमारास तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पट्टीच्या या बाजूला.

"तू माझ्या मशीनला हात लावलास?"

"नाही."

"खरं सांग."

"मी पट्टीच्या अलीकडेच असते."

"जास्त शहाणपणा करू नकोस. काल मी गेल्यावर तू इथे होतीस."

"मी काल तुझ्या आधी गेले. काका साक्षीला आहेत."

तो परत गेला. या पाच महिन्यांत मी त्याच्याशी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते.

बाराला त्याने व्हिडिओ चित्रित करायला घेतला. कॅमेऱ्यासमोर उभं राहून तो म्हणाला, "मित्रांनो, नऊ वर्षं मी धाकटीसाठी भांडलो, पण यंदा तिने आपल्याला फसवलं." पहिल्यांदा म्हणताना त्याचा आवाज चिरकला. त्याने पुन्हा घेतलं. तिसऱ्या वेळी नीट आलं. मी हेडफोन लावून बसले होते, पण त्यात गाणं वगैरे काही चालू नव्हतं. मला मजा येत होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण येत होती. ज्या माणसाने मला पाच महिने बोटाने मागे सारलं, तो माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या देवाला शिव्या घालत होता, आणि त्याला थांबवणारं वाक्य फक्त माझ्याकडे होतं.

ते मी शेवटपर्यंत ठेवलं असतं का, याचा मी नंतर खूप विचार केला. चुकीचा आकडा बाहेर जाऊ देणं मला जमलं नसतं. तेवढं माझ्या हाताला माहीत होतं. पण दोनला मी बोलले नाही आणि अडीचलाही नाही. मी सरांची वाट बघत होते.

सर तीन वाजता आले. शर्टाच्या खिशात आपट्याची पानं होती, ती वाटायची राहूनच गेली. त्यांनी उभ्याउभ्या त्याचा व्हिडिओ पाहिला.

"धाकटीने मार खाल्ला? आणि तू म्हणतोयस? अरे, हे तर आग लावणार. टाक. साडेसातच्या ठोक्याला टाक."

तेव्हा मी म्हटलं, "सर, त्याची मेमरी सोळा आहे."

"काय?"

"बत्तीस लावलीय. मशीनला सोळाच दिसतेय. वर कोपऱ्यात बघा."

सरांनी बघितलं. मग त्याने बघितलं. त्याने पंखा काढला, प्रोसेसर काढला आणि उलटा केला. सरांनी मोबाइलचा दिवा मारला. ठिपक्यांच्या फटीत पिवळा-लाल थर होता.

"हे काय आहे?"

"हळद," मी म्हटलं.

सर इतक्या मोठ्याने ओरडले की काका वर आले. आल्या आल्या त्यांनी त्याच्या हातातला तुकडा पाहिला.

"पाटावर एक अजून तसोच आसा. मग ह्यो उचललो कधी?"

तो म्हणाला, "काल दुपारी, काका. वेळ नव्हता."

"मग पाटावर काय होता?"

त्याने हातातला तुकडा मुठीत झाकला.

"मी रात्री दिवो लावलंय त्येच्यापुढे," काका म्हणाले. मग सरांकडे वळून, "आणि हळद लावलंय ती मीच लावलंय. ता पण लिही तुझ्या कॉम्प्युटरात." ते जिना उतरून गेले. थोड्या वेळाने खाली लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

"आता?" सरांनी विचारलं.

"साफ करून परत फेरी लावतो."

"किती वेळ?"

"सात तास, सर."

"साडेचार तास आहेत."

"अर्धी होईल."

"अर्ध्या फेरीवर काही टाकलं तर तुझेच लोक आपल्याला जिवंत सोडणार नाहीत." सरांनी कपाळ चोळलं. "राहू दे. आज फक्त थोरली जाईल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत तो रागाने बघायचा किंवा चेष्टेने. त्या वेळी तो नुसता बघत होता.

माझी फेरी चारला संपली. साडेसहाला माझा लेख गेला. साडेसातला जगभरच्या साइटवर धाकटीच्या नव्या प्रोसेसरचे आकडे आले, आमच्याकडे काहीच आलं नाही. मी एरवी खालच्या कॉमेंट वाचत नाही. त्या संध्याकाळी सगळ्या वाचल्या. थोरलीने विकत घेतलेली साइट. आपला माणूस कुठे गेला? त्याला गप्प बसवलाय का? ही बाई कोण, हिला कुणी बसवलं इथे? एकाने लिहिलं होतं, हिला प्रोसेसर आणि पापड यातला फरक कळतो का. ते चारशे लोकांनी लाइक केलं होतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सरांनी त्याला खाली बोलावलं. परत आला तेव्हा त्याने रिकामं खोकं आणलं होतं. मागोमाग सर आले आणि मला म्हणाले, "धाकटीच्या कंपनीतून फोन आला होता. लाँचच्या दिवशी तुम्ही गप्प का, म्हणून. मी काय सांगणार त्यांना, हळद लागली? आणि बाबा त्याचं तोंड बघायला तयार नाहीत. मग दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं? टेबल तुझं. तुझ्या लक्षात आलं म्हणून वाचलो आपण." हे त्यांनी त्याच्यासमोर सांगितलं. मग त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि ते बाहेर गेले.

तो खोक्यात वस्तू भरत होता. मी स्क्रीनकडे बघत होते. त्याने कॅमेरा ठेवला, दिवे ठेवले, वायरी गुंडाळल्या.

"एक विचारू?"

मी वळले.

"किती वाजता दिसलं तुला?"

तीन म्हणता आलं असतं. पण त्या फोल्डरमध्ये कोणती फाइल कुणी कधी उघडली याची नोंद राहते. त्याने ती बघितली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.

"सव्वानऊला."

त्याने मान हलवली. बोटांवर मोजलं नाही, पण मोजलं. "साफ करून पावणेपाचला झाली असती फेरी."

"हो."

"मग?"

"काल दुपारी तूच म्हणालास, बघू नकोस," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की ते काल नव्हतं, चार दिवस झाले होते, आणि ते कारणही नव्हतं. म्हणून म्हटलं, "मला टेबल हवं होतं."

"मला पण हवं होतं."

"माहीत आहे."

"मला तुझं सोळा दिसलं असतं ना," तो म्हणाला, "तर मी तिथल्या तिथे बोंब मारली असती. काकांना वर बोलावलं असतं, सरांना फोन लावला असता. कॉन्व्हेंटवालीला दोन पट्ट्या नीट लावता येत नाहीत म्हणून. आठवडाभर तुझी इज्जत काढली असती."

"माहीत आहे."

"आणि तू सव्वानऊला मशीन साफ करायला बसली असतीस."

त्याचं खरं होतं. तो तसाच होता. त्याला एखादी गोष्ट सात मिनिटं पोटात ठेवता आली नसती. त्याने खोकं उचललं. जिना उतरून तो खाली गेला. खाली काका लेथवर होते. लेथ थांबल्याचा आवाज आला नाही.

धाकटीचा प्रोसेसर तो माझ्या टेबलावर ठेवून गेला होता. मी तो भिंगाखाली धरून नव्याने साफ केला, तासभर, आणि फेरी लावली. दुसऱ्या दिवशी आकडे हातात आले. धाकटी थोरलीच्या पुढे होती, जवळजवळ सगळ्याच चाचण्यांत. मी आहे तसं लिहिलं. उशीर का झाला त्याविषयी सरांनी एक ओळ घालायला सांगितली, काही तांत्रिक कारणामुळे, ती घातली. खाली माझं नाव गेलं.

संध्याकाळपर्यंत धाकटीच्या लोकांनी लेख उचलून धरला. त्याच्या ग्रुपमधल्याच कुणीतरी लिहिलं, ही बाई कोण माहीत नाही, पण प्रामाणिक आहे.